माझी जाऊ उडाली तेव्हा

माझी धाकटी जाऊ वावटळीत उडाली आणि मी उडाले नाही. गोष्ट एवढीच आहे. पण ती मी इतकी वर्षं पोटात घेऊन फिरते आहे की आता सांगून टाकलेली बरी.

आधीच कबूल करते, मला तिचा हेवा वाटला. लोक कौतुकानं म्हणतात तसला गोडगुलाबी हेवा नव्हे. तव्यावरची भाकरी करपून धूर निघेपर्यंत माणसाला एका जागी उभं करून ठेवतो तसला. त्या उन्हाळ्यात मी घरच्यांना किती करपलेल्या भाकरी खाऊ घातल्या ते माझा नवरा अजून सांगतो. त्यांचं कारण मात्र त्याला माहीत नाही.

आम्ही तेव्हा सुरतेत बमरोलीला राहायचो. प्लेगचं वर्ष मागे पडून दीड-दोन वर्षं झाली होती, शहर झाडूनपुसून लख्ख करून ठेवलं होतं, आणि आमच्यासारखी प्लेगच्या भीतीनं गावी पळालेली खानदेशी कुटुंबं केव्हाच परत येऊन लूमच्या खडखडाटात झोपायला लागली होती. खाली सुरती घरमालक, वर आमच्या दोन खोल्या, त्याच्यावर गच्ची. एका खोलीत आम्ही आणि आमची मुलगी, दुसऱ्या खोलीत दीर आणि जाऊ. नवरा जवळच्याच पॉवरलूमवर, दीर पलसाण्याच्या डाइंग कारखान्यात. दिराच्या हातांवर रोज वेगळा रंग असायचा. सासूबाई गावी राहायच्या, पण उन्हाळा लागला की ज्वारीचं पोतं घेऊन सुरतेत हजर. ज्वारी कशासाठी, ते खानदेशातल्या बाईला सांगावं लागत नाही. बिबड्यांसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाटायची, तिखट-मीठ-तीळ-लसूण घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. गच्चीवर ओलं कापड अंथरायचं आणि त्यावर पाण्याचा हात घेऊन घाट्याचे पातळ गोल थापायचे. ऊन चांगलं असलं की दुपारपर्यंत वरून वाळतात. मग खरी कसोटी. दोघींनी कापडाचे दोन-दोन कोपरे धरायचे, बिबड्यांसकट कापड उचलायचं, आणि एका झटक्यात उलटं करून पुन्हा जमिनीवर टाकायचं. पाठीवर पाणी शिंपडलं की बिबडे कापडापासून सुटतात. झटका कमी पडला तर कापड मधे दुमडतं आणि सकाळभराची मेहनत चिकटून तिचा गोळा होतो. म्हणून कोपरे नुसते धरायचे नाहीत, मनगटाला गुंडाळायचे. हे माझ्या आईनं मला शिकवलं, आणि मी बमरोलीच्या अर्ध्या बायकांना.

बिबड्यांत माझा हात कुणी धरत नव्हतं. आमच्या गल्लीत जळगावच्या, धुळ्याच्या, नंदुरबारकडच्या बायका होत्या, दोन घरं मराठवाड्यातली होती, पण घाट्यात पाणी किती हे विचारायला सगळ्या माझ्याच दारात यायच्या. त्यात मी एक शोधही लावला होता. गावाकडे बिबडे जुन्या धोतरावर घालतात. सुरतेत धोतर कुठलं? नवऱ्यानं लूमवरून डाग पडलेला कापडाचा तुकडा आणला होता, चांगला सात-आठ हात लांब, सिंथेटिक. मी त्यावर बिबडे घालून पाहिले. अलगद सुटले. सुती कापडासारखं चिकटणं नाही, धागे निघणं नाही. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर साडीच्या मिलचे तुकडे अंथरलेले दिसायला लागले. मी मनातून फुलून गेले होते. मोठी जाऊ म्हणून घरात जो मान मिळायचा तो वयाचा होता, पण हा मान माझ्या हातांचा होता. तो मला फार प्यारा होता.

धोतरातून वारा आरपार जातो आणि या कापडातून जात नाही, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता जावेबद्दल. ती लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस-वीसची असेल. किडकिडीत, कमी बोलणारी, सांगितलेलं ऐकणारी. माझं वजन तेव्हाच बरं होतं. ती मला अक्का म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि मी जे सांगेन ते तसंच्या तसं करायची. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं असं सगळ्या मला म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं, त्या दुपारपर्यंत.

त्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर कापड उलटायला गेलो. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी सावलीत बसून मिरच्यांची देठं काढत होत्या. मी जावेला म्हटलं, कोपरे मनगटाला गुंडाळ. तिनं दोन्ही कोपरे दोन्ही मनगटांना दोन-दोन वेढे देऊन गुंडाळले. मी नुसते मुठीत धरले. मी शिकवणारी होते. शिकवणाऱ्या बाईला सगळं स्वतः करावं लागत नाही असा माझा समज होता.

आम्ही कापड उचललं तेवढ्यात पांडेसऱ्याच्या बाजूनं ती आली. आधी रस्त्यावरची धूळ उठलेली दिसली, मग प्लास्टिकच्या पिशव्या, कागद, चिंध्या, सगळं गरगरत वर. आमच्याकडे वावटळ दिसली की म्हातारी माणसं तिच्यात भूत असतं म्हणून थू थू करतात. सासूबाईंनी ते केलंही. पण ती थांबली नाही, गल्लीतून वळली आणि सरळ आमच्या गच्चीवर चढली.

कापड आमच्या दोघींच्या मधे फुगलं. इतकं फुगलं की पलीकडची जाऊ मला दिसेना. बिबडे पटापट सुटून माझ्या तोंडावर आदळायला लागले. माझ्या मुठीतले कोपरे असे ओढले गेले की माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या. फक्त टाचा. आणि मी सोडलं.

निसटलं नाही. सोडलं. मुठी उघडल्या आणि मट्कन खाली बसले.

डोळे उघडले तेव्हा जाऊ गच्चीच्या बाहेर होती. कापडाची मोठी छत्री डोक्यावर, दोन्ही हात वर, हिरवी साडी पायांशी गोळा झालेली, आणि ती आमच्या दोन विटांच्या कठड्यावरून तिरपी होत पलीकडे चालली होती. ओरडत नव्हती. मी ओरडत होते. घरमालकाच्या आंब्याच्या शेंड्याला तिची चप्पल लागून खाली पडली. आंब्याच्या पलीकडे एका चिंधीवाल्याचं आवार होतं, तिथे कारखान्यांतल्या कातरणीचा घराएवढा उंच ढीग असायचा. वावटळीनं तिला त्या ढिगावर आणून ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. पाहुणीला पाटावर बसवावं तसं.

मी जिना उतरून धावले. पोचले तेव्हा ती रंगीबेरंगी चिंध्यांत कंबरेपर्यंत रुतून बसली होती. चारी बाजूंनी कापड पसरलेलं, केसांत धूळ, मांडीवर दोन बिबडे, तेही अख्खे. चिंधीवाला हात जोडून उभा होता. म्हणाला, "भाभी, मैं तो समझा ऊपर से गांठ गिरी।" गांठ म्हणजे कापडाचा गठ्ठा. जावेनं माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्या हातांकडे, मग चेहऱ्याकडे. मला वाटलं, माझ्या बांगड्या फुटल्या का ते बघते आहे. मी तिला उठवलं, झटकलं, छातीशी धरलं. रडलेही. त्या घटकेला हेवा नव्हता हे मात्र खरं आहे. तो आला संध्याकाळी.

संध्याकाळपर्यंत आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका, त्यांचे नवरे, घरमालकीण, दिराचे कारखान्यातले सोबती, सगळे. जावेला गादीवर बसवलेलं. सासूबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली आणि मिरच्या चुलीत टाकल्या. सगळे खोकत होते आणि सासूबाई सांगत होत्या, "मनी सून वारावर बसनी." माझी सून वाऱ्यावर बसली. माझी दृष्ट काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. ते ठीकच होतं, मी कुठे उडाले होते? चहा मात्र मीच करत होते. सातव्या खेपेला साखर संपली.

सगळ्यांचा एकच प्रश्न, भीती नाही वाटली? घरमालकीण सुरती ढंगात विचारायची, "तने बीक नी लागी?" आमच्या बायका विचारायच्या, "भ्याव नही वाटना का वं तुले?" आणि जाऊ खाली बघून हसायची आणि म्हणायची, "नही वाटना."

बस्स. एवढंच. तिनं जर तिखट-मीठ लावून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले असते, फेकते आहे. पण ती काही जोडत नव्हती. जोडायचे ते बाकीचे. पहिल्या दिवशी ती आंब्यावरून उडाली होती. चौथ्या दिवशी खाडीवरून. आठवड्याभरानं दीर कारखान्यातून आला आणि म्हणाला, तिथे कुणीतरी त्यालाच सांगत होतं की बमरोलीची एक बाई उडून पलसाण्याच्या हायवेला उतरली आणि रिक्षा करून घरी गेली. पुढे तिला बारडोलीच्या उसात उतरवल्याचंही माझ्या कानावर आलं, आणि साखर कारखान्याच्या लोकांनी तिला उसाचा रस पाजला होता.

मी खरं काय ते जाणून घ्यायचं ठरवलं. एके दिवशी सकाळी गल्ली मोकळी असताना खाली उतरले आणि आमच्या भिंतीपासून चिंधीच्या ढिगापर्यंत पावलं मोजली. सतरा. माझी पावलं लहान आहेत, म्हणजे कुणा पुरुषाची चौदाच भरतील. मला फार बरं वाटलं. हे मी त्या दिवशी तिघी-चौघींना सहज बोलता बोलता सांगून पाहिलं. त्यातली एक म्हणाली, "तुम्ही एक तरी पाऊल उडून दाखवा ना." मी घरी आले आणि भाकरी करपवली.

आणखी एक काटा होता, आणि तो मलाच माहीत होता. नवऱ्यानं पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं, तू दुसऱ्या बाजूला होतीस ना? मी म्हटलं, होते तर, पण कापड हातातून निसटलं. निसटणारच, तो म्हणाला, केवढा वारा. मग धुळीनं डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंनाही तेच सांगितलं, शेजारणींनाही. दहादा सांगून झाल्यावर माझी मलाच खात्री पटायला हवी होती, पण पटली नाही. जाऊ बोलायला तोंड उघडायची तेव्हा मी हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघायची. आज सांगेल. आता सांगेल. अक्कांनी सोडलं म्हणून मी उडाले, असं एक वाक्य ती बोलली असती की माझ्या मोठ्या जावेपणाची सगळी इमारत चिंधीच्या ढिगावर आली असती. आणि ती बोलत नव्हती. मला वाटायचं, हिनं पाहिलंच नसेल. कापड मधे होतं. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

सगळ्यात वाईट मुलगी निघाली. माझीच, सहा वर्षांची. गुजराती शाळेत जायची, गल्लीतल्या पोरांशी गुजरातीतच बोलायची. तिनं एक खेळ काढला. ओढणीचे दोन कोपरे धरून ओट्यावरून उडी मारायची आणि ओरडायचं, "वंटोळियो!" म्हणजे वावटळ. सगळी पोरं काकू व्हायला धडपडायची. एका मुलीनं विचारलं, तुझी मम्मी कोण होणार? माझी मुलगी म्हणाली, "मम्मी तो बीकण छे, ए नीचे बेसशे." मम्मी भित्री आहे, ती खाली बसेल. मी दारात तांदूळ निवडत होते. तिला कुणी सांगितलं नव्हतं मी खाली बसले होते ते. मुलांना आपोआप कळतं. मी तिला आत बोलावलं आणि उगाच धपाटा घातला, आणि ती रडत काकूच्या खोलीत गेली.

मग आखाजी आली. अक्षयतृतीयेला आमच्या मुलखात माहेरवाशिणी घरी येतात, गौराई बसते, झोके बांधतात आणि बाया गाणी म्हणत झोके घेतात. सुरतेत माहेर दूर असल्यामुळे सगळ्याच जणी एकमेकींच्या माहेरवाशिणी. आमच्या इथे एका लूमच्या आवाराबाहेर जुना कडुनिंब होता, त्याला जाड दोर बांधायचे. दरवर्षी पहिला झोका वडीलधाऱ्या बाईला द्यायची पद्धत आम्हीच पाडली होती, आणि गेली तीन वर्षं तो मला मिळत होता. मी त्यावर टेकायची, पाय जमिनीला लावून दोनदा पुढेमागे व्हायची आणि उतरायची. मला झोक्याची भीती वाटते. लहानपणापासून. पण ते कुणी बोलायचं नाही, मान होता तो.

त्या वर्षी बायकांनी झोका धरला आणि जावेला बोलावलं. पहिला झोका तिचा, उडणारीचा. जाऊ मागे सरकली, म्हणाली, आधी अक्का. मला ते दयेसारखं वाटलं आणि अंगाचा तिळपापड झाला. मी दोर हातात घेतले आणि सगळ्यांच्या देखत पाटावर उभी राहिले. बसले नाही, उभी राहिले. म्हटलं, द्या जोर.

दोघींनी जोर दिला. पहिल्यांदा मी पुढे गेले तेव्हा मला लूमच्या पत्र्यावर वाळत घातलेली कुणाची तरी बनियन दिसली. दुसऱ्यांदा पत्र्याच्या पलीकडचं दिसलं. तिसऱ्यांदा काय दिसलं ते मला माहीत नाही, कारण मी डोळे मिटून सासूबाईंना हाका मारत होते. गाणं थांबलं. चौघी-पाचजणींनी माझी बोटं दोरावरून एकेक सोडवून मला उतरवलं. मग जाऊ झोक्यावर चढली. कडुनिंबाच्या डहाळ्यांना पाय लावून आली. चेहऱ्यावर काही नाही. बाजारातून भाजी घेऊन यावं तशी उतरली आणि मला पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले नाही. इतकी मी वाईट होते.

त्या दिवसानंतर माझ्या डोक्यानं एकच घेतलं. मला उडायचं होतं. नवलाईसाठी नाही आणि गल्लीतल्या बायकांसाठीही नाही. मला बघायचं होतं की भीती न वाटणं म्हणजे काय असतं. ती एवढीशी पोरगी, झुरळाला घाबरते, अंधारात संडासला जायला सोबत मागते, तिला वर हवेत भीती वाटली नाही, आणि मला जमिनीवर वाटते. हा कुठला न्याय?

मे महिन्यात बिबड्यांचा दुसरा घाणा घातला होता. सासूबाई गावी परत गेल्या होत्या. जाऊ खाली नळावर होती. दुपारी वारा सुटला. लांब धूळ उठलेली दिसली आणि मी धावत गच्चीवर गेले. बिबडे आधीच काढून टोपलीत भरले होते, कापड मोकळं होतं. मी त्याचे दोन कोपरे मनगटांना गुंडाळले, दोन-दोन वेढे, जसं शिकवलं होतं तसं. मग विचार केला, माझ्या वजनाला दोन कोपरे पुरायचे नाहीत, म्हणून उरलेले दोन कमरेला बांधले. कठड्याजवळ उभी राहिले. चिंधीचा ढीग अजून आहे ना ते पाहून घेतलं. देवाचं नाव घेतलं आणि हात वर केले.

वावटळ आलीच नाही. ती मधल्याच गल्लीतून वळून कुणाच्या तरी वाळत घातलेल्या गोधड्या घेऊन गेली. तिच्या शेपटाचा थोडा वारा आला. त्यानं कापड माझ्या तोंडावर गुंडाळलं, मला एक गिरकी दिली आणि मी मागच्या मागे घाट्याच्या पातेल्यात बसले. पातेलं रिकामं नव्हतं. नशीब इतकंच की घाटा निवला होता.

मी उठायचा प्रयत्न केला तर हात कापडात, कंबर कापडात, बाकी सगळं पातेल्यात. कुणाला हाक मारणार? कुणी आलं असतं तर काय सांगितलं असतं? मी तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. येणार कोण? तीच.

जावेनं मला पाहिलं, कापड पाहिलं, पातेलं पाहिलं. हसली नाही. हसली असती तर मी तिला जन्मभर माफ केलं नसतं. तिनं बादली खाली ठेवली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या मनगटांचे वेढे सोडवायला लागली. काय चाललं होतं हे तिला कळलं होतं. मलाही कळलं की तिला कळलंय. आता लपवायला काय उरलं होतं?

मी विचारलं, "तुले खरंच भ्याव नही वाटना?"

"नही."

"काब्रं पन?"

हा प्रश्न तिला गल्लीत कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी भीती वाटली का, एवढंच विचारलं होतं. का नाही वाटली, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी काहीतरी तऱ्हेवाईक विचारल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"माले काब्रं भ्याव वाटई?" ती म्हणाली. "दुसरं टोक तुमना हातमा व्हतं ना."

घाटा साडीतून आत झिरपत होता. तिनं एक मनगट सोडवलं, दुसरं हातात घेतलं.

इतके दिवस मी एकच वाक्य सगळ्यांना सांगत होते. तिच्यासमोर ते मला म्हणता येईना. मी म्हटलं, "मी सोडी दिधं व्हतं. निसटनं नही. सोडी दिधं."

"माहीत शे माले," ती म्हणाली, वेढा उलगडत. "खाले उतरनू तव्हय दखं. चारी कोपरा मनाजोडेच व्हतात." आणि मग, मी काही चुकीचं समजून बसू नये म्हणून समजावल्यासारखं, "पन वर व्हतू तव्हय कोठे माहीत व्हतं?"

म्हणजे खाली उतरताच चारी कोपरे आपल्याचजवळ आहेत हे तिनं पाहिलं होतं, तिला पहिल्या घटकेपासून माहीत होतं. ढिगावर बसून तिनं माझे रिकामे हात पाहिले होते, बांगड्या नव्हे. आणि नंतर सगळं गाव विचारायला आलं तेव्हा तिनं एक शब्द काढला नव्हता. झोका पुढे आला तेव्हा आधी अक्का म्हणाली होती.

माझा उडण्याचा हेवा त्या पातेल्यात संपला. पण तुम्हाला वाटत असेल की त्यानंतर मी निर्मळ झाले, तर तसं नाही. त्याच जागी दुसरा हेवा आला, तो अजून आहे, आणि तो जास्त खोल आहे. पाय जमिनीवरून सुटलेले, खाली सतरा पावलांची पोकळी, आणि तरी माणूस निवांत, कारण दुसरं टोक कुणाच्या तरी हातात आहे अशी त्याची खात्री. मी आईच्या घरी वाढले, नवऱ्याच्या घरी नांदले, इतकी माणसं माझ्या आसपास होती, पण असा भरवसा मला कधीही कुणाचा वाटला नाही. तो तिला वाटला, आणि वाटला तोही माझा.

तिनं मला हाताला धरून पातेल्यातून उठवलं. वरचा घाटा फेकून दिला, खालचा चांगला होता. मी साडी बदलून आले तोवर तिनं कापड धुऊन पिळून पुन्हा अंथरलं होतं, आणि आम्ही राहिलेले बिबडे घातले. उन्हं कलायच्या आत वरून वाळले. ती उठली, आपल्या बाजूचे दोन कोपरे उचलले, मनगटांना गुंडाळले आणि माझी वाट बघत उभी राहिली. वारा होता. फार नाही, पण होता.

"धरा, अक्का," ती म्हणाली.

मी माझे दोन्ही कोपरे मनगटांना गुंडाळले. तीन-तीन वेढे दिले.